यादी अजून लागलेली नाही

नेवाशात सध्या चार घरी संगणक आहेत. त्यातल्या दोन घरची माणसं इंटरनेटचं काही अडलं की माझ्याकडे येतात. मी त्यांना पहिला प्रश्न विचारतो, तुमच्या फोनवर आणखी कोणाकोणाचे फोन येतात? ते गोंधळतात. पान उघडत नाही म्हणून आलो आणि हा माणूस शेजाऱ्यांची चौकशी करतोय, असं त्यांच्या चेहऱ्यावर दिसतं. पण मी बत्तीस वर्षं सरकारी अभिलेख कक्षात काढली आहेत. मूळ कारण सोडून पुढचा कागद हातात घ्यायची मला सवय नाही.

माझ्या बाबतीत मूळ कारण फोनच होता. आमच्याकडे फोन आला तेव्हा गल्लीत दुसरा नव्हता. आठ दिवसांत तो आमचा राहिला नाही. प्रत्येकाने आपल्या पाहुण्यांना, नोकरीवरच्या मुलांना, मुलींच्या सासरी आमचा नंबर देऊन टाकला आणि पुढे 'पी. पी. उत्तमराव' लिहिलं, म्हणजे फोन उत्तमरावांचा, माणसाला बोलावून द्यायचं. फक्रुद्दीनभाईंनी तर रेडिओ-टीव्ही दुरुस्तीच्या दुकानाच्या पाटीवर तो रंगवूनच घेतला. फोन आला की माझी बायको भागिरथी दारात जाऊन हाक मारायची. ती हाक प्रवरेच्या पुलापर्यंत जायची. मी चिडायचो. ती लक्ष द्यायची नाही.

गेल्या वर्षी ती गेली. मला हाक मारता येत नाही, आवाजच निघत नाही. म्हणून मी ताट आणि चमच्याची पद्धत बसवली. एक ठोका रतनबाई, दोन ठोके फक्रुद्दीनभाई, तीन ठोके आप्पासाहेब गुरुजी. पद्धतीत दोष नव्हता. दोष एवढाच की आप्पासाहेबांना एका कानाने कमी ऐकू येतं, त्यामुळे ते प्रत्येक ठोक्याला यायचे. आले की चहा घेऊनच जायचे.

भागिरथीच्या पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम झाला आणि महिन्याभराने महेंद्र, माझा मुलगा, एक जुना संगणक घेऊन आला. त्याच्या कंपनीने नवे घेतले होते. बाबांना काहीतरी उद्योग हवा, असं त्याचं म्हणणं. त्याने टेलिफोनची तार संगणकाला जोडली, इंटरनेटची पानं दाखवणारा तो प्रोग्राम, ज्याला ब्राउझर म्हणतात, तो मला शिकवला आणि रविवार संपला म्हणून परत गेला.

उद्योग माझ्याकडे होताच. माझी मुलगी प्रज्ञा तिसगावच्या शाळेत तात्पुरती शिक्षिका होती. तिथेच खोली घेऊन राहायची आणि शनिवारी घरी यायची. तिने बंगळूरच्या एका संस्थेत दोन वर्षांच्या शिक्षणासाठी अर्ज केला होता. अर्ज भरला तेव्हा तिची आई होती. मुलाखतीला गेली तेव्हा नव्हती. निवडीची यादी संस्था फक्त इंटरनेटवर लावणार होती. नाव लागलं तर दहा दिवसांत त्याच ठिकाणी फॉर्म भरून 'येते' असं कळवायचं, नाहीतर जागा पुढच्या उमेदवाराला. तिसगावात इंटरनेट नव्हतं. तेव्हा यादी पाहायचं काम माझ्याकडे आलं. मी म्हटलं, यादी पाहणं हेच मी आयुष्यभर केलं आहे.

पाच एप्रिलला मी पहिल्यांदा ते पान उघडलं. संगणकाने फोन फिरवला, घशात काहीतरी अडकल्यासारखे आवाज केले आणि पंचवीस मिनिटांनी पान पूर्ण आलं. वर संस्थेच्या इमारतीचा फोटो, खाली इंग्रजीत एक ओळ. यादी अजून लागलेली नाही, लवकरच लागेल. मी वहीत नोंद केली आणि बंद केलं.

दार उघडलं तर पायरीवर रतनबाई बसलेली. तिचा संदीप फौजेत आहे. त्यांच्याकडे फोनला रांग असते आणि नंबर आला की तेवढ्यातच बोलायचं. मला वाटलं ती भांडेल.

"भाऊ, तुमचं काम महत्त्वाचंच हाय," ती म्हणाली. "त्यो काय, पुढल्या हप्त्यात करील."

भांडली असती तर बरं झालं असतं. त्या दिवशी मला जेवण गेलं नाही. पंचवीस मिनिटं मी एका इमारतीचा फोटो पाहण्यासाठी एका आईचा फोन अडवला होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी ब्राउझर उघडला, तर नेहमीप्रमाणे पाटी आली. जोडू का, असं विचारणारी. तिच्यावर आणखी एक बटण होतं, वर्क ऑफलाइन. म्हणजे लाइन न घेता काम करा. मी ते दाबलं. फोन फिरला नाही, घसा खरवडला नाही, आणि पान? पान चटकन आलं. फोटोसकट. यादी अजून लागलेली नाही. मी फोन उचलून पाहिला. लाइन मोकळी.

आता मला सांगा, यात कोणाला शंका आली असती? मला वाटलं, ज्याने हे बटण ठेवलं त्याच्याही घरी पी. पी. फोन असणार. मी ही युक्ती सगळ्यांना सांगितली. रतनबाईने कौतुक केलं. आप्पासाहेबांनी चहा घेता घेता म्हटलं की सरकारने हे आधीच करायला हवं होतं. एकट्या फक्रुद्दीनभाईंनी विचारलं, तार काढली तरी दिसतं का? मी तार काढून दाखवलं. दिसलं. त्यांनी नुसती मान हलवली. ती मान मी कौतुकाची समजलो.

त्या पानावर 'निकाल' असा एक शब्द होता. त्यावर बाण नेला की एक छोटा हात दिसायचा आणि हाताशेजारी मनाईचं गोल चिन्ह. पुढचं पान माझ्या संगणकात साठवलेलंच नाही, एवढाच त्याचा अर्थ होता. मी अर्थ लावला की निकाल तयार आहे पण गोपनीय आहे. आमच्याकडेही असंच असायचं. साहेबांची सही होईपर्यंत कागदाला हात लावायचा नाही. मी हात लावला नाही.

रोज सकाळी साडेसातला मी पान उघडायचो, ओळ वाचायचो, वहीत तारीख घालून नोंद करायचो. नोंद झाली की चहा ठेवायचो. तो चहा बरा लागायचा.

दहा तारखेच्या शनिवारी प्रज्ञा आली. पिशवी ठेवायच्या आधी विचारलं, "लागली?"

"नाही अजून."

"बरं," म्हणाली आणि पिठाचा डबा उघडून भाकऱ्या करायला बसली. त्या दिवशी आम्ही दोघं बऱ्यापैकी जेवलो.

चौदा तारखेला जयंतीच्या कार्यक्रमात तर कमालच झाली. विहारापाशी लोक विचारत होते, उत्तमराव, पोरीचं काय झालं? मी सांगत होतो, आज सकाळीच स्वतः पाहिलं, अजून नाही. आप्पासाहेबांनी ते ऐकलं आणि भाषणात घेतलं. आपल्या समाजातला एक सेवानिवृत्त माणूस रोज सकाळी घरबसल्या बंगळूरशी संपर्कात असतो, असं ते माईकवर म्हणाले. टाळ्या झाल्या. मी उठून नमस्कार केला. तो नमस्कार आठवला की अजून मान खाली जाते. कारण यादी सात तारखेलाच लागली होती.

हे मला सतरा तारखेला, शनिवारी, दुपारी साडेबाराला कळलं. महेंद्र कंपनीच्या कामाला कोल्हापूरला निघाला होता. वाटेत गाडी थांबली तेव्हा एस.टी.डी. बूथवरून त्याने फोन केला. त्याच्या ऑफिसातल्या कोणाच्या भाचीने ती यादी पाहिली होती. प्रज्ञाचं नाव सहावं होतं.

"फॉर्म भरला ना? आज पाच वाजेपर्यंत मुदत आहे."

मी शांतपणे सांगितलं की त्याची माहिती चुकीची आहे. मी आज साडेसातला पान पाहिलंय. माझ्याकडे नोंद आहे.

तो म्हणाला, बाबा, लोक दहा दिवस अभिनंदन करतायत. मी म्हटलं, लोकांचं ऐकून मी कधी नक्कल दिलेली नाही. तेव्हा त्याने विचारलं, कसं उघडता सांगा. मी सांगितलं. तो गप्प झाला. बूथवरच्या मीटरचे आकडे पळत असताना माझा मुलगा गप्प राहतो, हे काही बरं लक्षण नव्हतं.

"बाबा, तुम्ही पाच तारखेचंच पान रोज बघताय. संगणकाने ते जपून ठेवलंय, तेच दाखवतोय. ती वर्क ऑफलाइनची खूण काढा. आधी काढा." गाडीचा हॉर्न वाजला आणि फोन तुटला.

मी खुर्चीवर बसलो. बारा दिवस रोज सकाळी मी एकाच कागदाची तपासणी केली होती आणि रोज तो कागद जसाच्या तसा आहे अशी नोंद केली होती. नोंदी एकदम बिनचूक होत्या.

तेवढ्यात फक्रुद्दीनभाई आले. ठोके न वाजताच आले. त्यांची मुलगी कैनात औरंगाबादला सासरी बाळंतपणासाठी दवाखान्यात होती. भाभी, म्हणजे बद्रुन्निसा, तिच्याजवळ होत्या. डॉक्टर म्हणत होते, संध्याकाळपर्यंत वाट पाहू, नाहीतर ऑपरेशन. जावई परवेझ फोन करणार होता. कुठे? पी. पी. उत्तमराव.

मी त्यांना माझी हकीकत सांगितली. ते हसले नाहीत. खुर्ची ओढून संगणकासमोर बसले आणि म्हणाले, "उत्तमराव, मला तवाच वाटलं व्हतं. तार काढल्यावर बी जो टीव्ही चित्र दाखवतो, त्यो टीव्ही न्हाई. त्यो फोटो."

मग तेव्हाच का नाही सांगितलं, असं मी विचारलं. तर म्हणाले, तुम्ही इतके खुशीत व्हता.

लाइन एक आणि गरजू दोन. शेवटी ठरलं की पंधरा मिनिटं इंटरनेट आणि पंधरा मिनिटं फोन मोकळा. वेळ पाहायला रतनबाई तिच्या घरचं गजराचं घड्याळ घेऊन आली. ठोका न वाजता आप्पासाहेबही आले. त्यांनी कागद मागितला आणि कोपऱ्यात बसून संस्थेला अर्ज लिहायला घेतला. विषय, आपले पान न उघडणेबाबत. म्हणाले, रजिस्टरने पाठवू, पुरावा राहील.

पहिल्या पाळीत खूण काढली, लाइन जोडली, पान आलं. यादी अजून लागलेली नाही. माझ्या मनात आलं, बघा, महेंद्रच चुकला. पण फक्रुद्दीनभाईंचं लक्ष कोपऱ्यातल्या तारखेवर होतं. तिथे पाच एप्रिल होतं. लाइन जोडली तरी संगणक जुनंच पान पुढे करत होता. रिफ्रेश नावाचं बटण दाबलं की ताजं पान येतं, हे मला महेंद्रने शिकवलं होतं. मी ते वहीत 'गरज पडल्यास' या शीर्षकाखाली लिहून ठेवलं होतं. गरज आजवर पडली नव्हती.

रिफ्रेश दाबलं. इमारतीचा फोटो वरून खाली उतरायला लागला. आधी गच्ची आली. मग तिसरा मजला. संस्थेने नवी इमारत बांधलेली दिसत होती, कारण आधी मजले दोनच होते. पहिल्या मजल्याच्या खिडक्या दिसायला लागल्या आणि रतनबाईचं घड्याळ वाजलं. तार काढली. फोन मोकळा. पंधरा मिनिटं आम्ही चौघं फोनकडे बघत बसलो. तो वाजला नाही.

दुसऱ्या, तिसऱ्या, चौथ्या पाळीत पुन्हा गच्चीपासून सुरुवात. लाइन मध्येच दोनदा तुटली. पाचव्या पाळीत तळमजला दिसला आणि पाटी आली, पान दाखवता येत नाही. रतनबाई म्हणाली, येवढी मोठी इमारत त्या बारक्या तारेतून कशी येईल भाऊ, दार तेवढं बघा की. आम्ही तिला गप्प बसवलं. पुढे कळलं की तिचंच बरोबर होतं.

साडेतीनच्या सुमाराला प्रज्ञा आली. दारात चपलांचा ढीग पाहून तिचा चेहरा पांढरा पडला. वर्षापूर्वी अशाच चपला होत्या. मी लगेच म्हटलं, सगळे बरे आहेत, फक्त मी मूर्ख ठरलो आहे. मग सगळं सांगितलं. तिचं नाव सहावं आहे, हेही सांगितलं.

 तिने तोंडावर पाणी मारलं, पदराला हात पुसले आणि संगणकासमोर बसली. कॉलेजात ती संगणक शिकली होती. तिने ब्राउझरच्या कुठल्याशा खिडकीत जाऊन फोटो दाखवायचेच नाहीत अशी खूण केली. पुढच्या पाळीला इमारत आलीच नाही, नुसती अक्षरं आली. चार मिनिटांत. यादी लागली आहे. सहाव्या ओळीत प्रज्ञा उत्तमराव. आम्ही सगळे वाकून बघत होतो, पण कोणी ओरडलं नाही. कारण तिने फॉर्मवर दाबलं आणि पुन्हा पाटी आली. मग पुन्हा तीच पाटी. घड्याळ वाजलं. चार वाजले होते.

प्रज्ञा म्हणाली, जुनी साठवलेली पानं मध्ये येत असावीत, ती सगळी पुसून टाकू. तार काढलेली असताना ते होण्यासारखं होतं. तिने खिडकी उघडली. टेम्पररी इंटरनेट फाइल्स. डिलीट करायच्या का? हो किंवा नाही.

इथे माझ्याकडून एक गोष्ट झाली, ती लपवत नाही. मी तिचा हात धरला. आमच्या खात्यात कागदांचे चार वर्ग असतात, अ, ब, क आणि ड. ड वर्गाचा कागदसुद्धा वर्षभर ठेवतात, मग त्याची यादी करतात, साहेब सही करतात, तेव्हा तो नष्ट होतो. बत्तीस वर्षांत मी एक चिठ्ठीही तशीच फेकली नव्हती. मी म्हटलं, निदान काय काय पुसतोय त्याची यादी करू.

"बाबा," प्रज्ञा म्हणाली, "चार वाजून दहा मिनिटं झाली."

"सही कोणाची घ्यायची?"

"माझी घ्या."

आप्पासाहेबांनी अर्जाचा कोरा भाग फाडून पुढे केला. मी लिहिलं, ड वर्ग, एकूण पानं मोजली नाहीत, नष्ट. तिने सही केली. मग मी स्वतः 'हो' दाबलं. संगणक थोडा वेळ कुरकुरला आणि थांबला. काही जळाल्याचा वास आला नाही. मला वाटलं होतं येईल.

पुढची पाळी सुरू झाली. फॉर्म उघडला. एकेक रकाना भरायचा, खाली यायचं. संस्थेने दिलेला नंबर, वडिलांचं नाव, आईचं नाव. आईच्या नावाशी प्रज्ञा थोडी थांबली, मग टाइप केलं. शेवटचं बटण दाबलं तर वरचा एक रकाना रिकामा राहिला म्हणून सगळा फॉर्म परत कोरा आला. पुन्हा सुरुवात. अर्ध्यावर असताना साडेचारला रतनबाईचं घड्याळ वाजलं. पाळी संपली.

मी तार काढायला उठलो. दुसऱ्याची मुलगी दवाखान्यात असताना आपल्या मुलीचा फॉर्म भरत बसणं मला जमण्यासारखं नव्हतं. हे मी मोठेपणाने सांगत नाही. मला भीती वाटत होती. दवाखान्यातला फोन येणार असतो तेव्हा माणसाचं काय होतं, हे मला माहीत होतं.

फक्रुद्दीनभाईंनी माझा हात धरला.

"बसा," ते म्हणाले. "तिथं तिची आई हाय, डॉक्टर हाय. मी फोन घेऊन काय करनार, हॅलो म्हननार. हिथलं काम मातर आत्ताच व्हायला पायजे. पोरी तू भर."

"काका, पण..."

"भर म्हनलं ना."

रतनबाईने घड्याळाचा गजर बंद केला आणि ते पालथं घातलं. आप्पासाहेबांनी पेन खाली ठेवलं. प्रज्ञा भरत होती. मी फक्रुद्दीनभाईंकडे बघू शकत नव्हतो, म्हणून त्यांच्या चपलांकडे बघत होतो. ते बोटांवर काहीतरी मोजत होते. ओठ हलत होते.

चार वाजून अठ्ठेचाळीस मिनिटांनी पान बदललं. आपली स्वीकृती नोंदवली आहे. खाली एक नोंदणी क्रमांक. प्रिंटर आमच्याकडे नाही. मी तो मजकूर शब्दशः वहीत उतरवून घेतला, खाली दोन साक्षीदारांच्या सह्या घेतल्या आणि मगच तार काढू दिली. त्यात दोन मिनिटं गेली, त्याबद्दल मी फक्रुद्दीनभाईंची नंतर माफी मागितली.

तार काढली, फोन जागेवर ठेवला. वाजला नाही. पाच वाजले. कोणी चहाचंही नाव काढेना. आप्पासाहेबांनीसुद्धा नाही, यावरून कल्पना करा. पाच वाजून सात मिनिटांनी घंटा वाजली. मी उचलून सरळ फक्रुद्दीनभाईंच्या हातात दिला.

परवेझचा आवाज खोलीभर येत होता. मुलगी झाली होती. ऑपरेशन लागलं नाही. कैनात बरी होती, भाभी रडत होत्या. साडेचारपासून लावतोय, तो म्हणत होता, सारखा एंगेज, म्हणून थोडं थांबून आत्ता लावला, फोन बिघडलाय का?

"बिघडला न्हाई," फक्रुद्दीनभाई म्हणाले. "चांगल्या कामात व्हता." आणि फोन ठेवून तिथेच डोळ्यांवर रुमाल धरून बसले. रतनबाई आत जाऊन गुळाचा खडा घेऊन आली आणि सगळ्यांच्या तळहातावर तुकडा ठेवला. माझ्या घरात गूळ कुठल्या डब्यात आहे, हे मला माहीत नव्हतं. तिला माहीत होतं. मला एकदम हलकं वाटलं. पाठीवरचं पोतं कोणीतरी न सांगता उतरवून घ्यावं, तसं.

सगळे गेले. प्रज्ञा आणि मी ओट्यावर बसलो. तिने माझी वही मागितली आणि नोंदी वाचायला लागली. पाच तारीख, सहा, सात. बारा दिवस तीच ओळ, तेच अक्षर.

"बाबा, रोज तेच पान. तोच फोटो. तुम्हाला एकदाही शंका आली नाही?"

खोटं सांगता आलं असतं. संगणकावर ढकलता आलं असतं.

"नाही आली," मी म्हटलं. "यादी लागली नाही असं वाचलं की बरं वाटायचं."

तिने वहीचं पान उलटलं. मग म्हणाली, "मलाही. गेल्या शनिवारी तुम्ही नाही म्हणालात ना, तेव्हा मी दोन भाकऱ्या जास्त खाल्ल्या."

मी तिला सांगणार होतो की मी इथे व्यवस्थित राहीन, गल्ली आहे, फोन आहे, काळजी करू नकोस, जा. वाक्य मनात तयार होतं. पण तिनेच वही मिटली आणि घड्याळाकडे बघितलं.

"पाच वाजून गेलेत बाबा. आता दोघांनाही नाही म्हणायची सोय राहिली नाही."

"नाही," मी म्हटलं. "सुटलो."